उंबरठ्यावरची कुत्री: एका कृष्णधवल फोटोवर अभिप्राय घेताना

फोटो असा आहे. भर दुपार, घराचं पुढचं दार अर्धवट उघडं आणि उंबरठ्यावर हनुवटी टेकून पडलेली बदामी रंगाची गावठी कुत्री. एक कान बाहेरच्या कुठल्याशा आवाजाकडे वळलेला, दुसरा सैल. नजर बाहेर, कॅमेऱ्याकडे नाही. मागे हिरव्या ऑइलपेंटचं जुनं लाकडी दार, खाली शहाबादी फरशी, डाव्या कोपऱ्यात पाण्याचं स्टीलचं भांडं. क्रॉप (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा २४ मेगापिक्सेल कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) एफ २.८, शटर १/१६० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६००. अंतर साधारण १.२ मीटर, कॅमेरा फरशीपासून वीतभर वर. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती रंगांसकट जपणाऱ्या फाइलमध्ये काढून नंतर कृष्णधवल केलेला.

हा फोटो जाणकारांना दाखवून, आलेल्या शेऱ्यांप्रमाणे त्यावर काम करून तो प्रिंटपर्यंत नेला. त्यातला एकेक टप्पा इथे सविस्तर मांडतो आहे, कारण पाळीव प्राण्यांचे कँडिड, म्हणजे आपोआप घडलेल्या क्षणांचे फोटो काढणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला साधारण हेच शेरे येतात. त्यांचा अर्थ लावताना अडचणही एकच होते. बघणारा त्याला काय जाणवलं ते सांगतो. ते कशामुळे जाणवलं हे त्यालाही माहीत असतंच असं नाही. ते शोधायचं काम फोटो काढणाऱ्याचं.

दाखवण्याआधी थोडी तयारी लागते. दहा फ्रेम एकदम पाठवल्या तर समोरचा "तिसरा मस्त" म्हणून मोकळा होतो. म्हणून एकच फ्रेम द्यावी. मूळ रंगीत फाइल तयार ठेवावी, पण लगेच पुढे करू नये. रंग आधी दिसले की बघणारा कृष्णधवल फोटोतही तेच रंग मनाने भरत जातो आणि टोनमधला (उजळ-गडद पातळ्यांमधला) घोटाळा त्याच्या नजरेतून सुटतो. लेन्स, अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ ही माहिती जरूर द्यावी. कुत्रीचा स्वभाव, ती त्या वेळी कशाकडे बघत होती, ती घरी कशी आली, यातलं काहीही सांगू नये. त्या क्षणाबद्दल जे कळायचं ते फोटोतून कळलं पाहिजे, आणि कळत नसेल तर तोच पहिला अभिप्राय.

"कसा वाटतो?" असं विचारलं की "छान" हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारावं: नजर आधी कुठे गेली? तिथून कुठे सरकली? फोटोच्या बाहेर कुठून पडली? या तीन प्रश्नांना फोटोग्राफी न येणारा माणूसही अचूक उत्तर देतो. मतं त्यानंतर विचारावीत.

फाइल देताना कलर स्पेस एसआरजीबी, लांबीची बाजू २०४८ पिक्सेल, जेपेगची क्वालिटी ८५ पुरे. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर तो लहान होतो आणि दाबलाही जातो. अंगावरची लव आणि मिशा आधी जातात, आणि मग "फोटो मऊ आलाय" हा शेरा फोटोवर येतो की कॉम्प्रेशनवर, हे कळायला मार्ग नसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की फाइल जशीच्या तशी पोचते. बघणाऱ्याला फोनचा ऑटो ब्राइटनेस आणि रात्रीचा पिवळा मोड बंद करायला सांगावं. पिवळसर पडद्यावर कृष्णधवल फोटो सेपिया दिसतो, आणि ब्राइटनेस कमी असेल तर सावल्या दबलेल्या वाटतात.

दाखवायचा कुणाला? तीन प्रकारची माणसं हवीत. एक कृष्णधवल काम केलेला, शक्यतो स्वतः प्रिंट काढणारा. दुसरा कुत्र्यांमध्ये वावरलेला, मग त्याला कॅमेरा धरता आला नाही तरी चालेल. तिसरा या दोन्हींपैकी काहीच नसलेला. मुंबईत १९३७ सालापासून असलेली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया किंवा आपापल्या शहरातला कॅमेरा क्लब यांमध्ये पहिल्या प्रकारची माणसं भेटतात. दुसऱ्या प्रकारची बहुतेकदा गल्लीतच असतात.

पहिला शेरा तिघांकडूनही जवळजवळ सारखा आला: "चांगला आहे, पण सपाट वाटतो." अशा वेळी हात आपसूक कॉन्ट्रास्टच्या स्लायडरकडे जातो. तो वाढवला की काळं आणखी काळं, पांढरं आणखी पांढरं होतं, आणि मधले करडे होते तसेच एकमेकांना चिकटून राहतात. सपाटपणाचं मूळ त्या मधल्या करड्यांतच होतं. रंगीत फोटोत बदामी कुत्री हिरव्या दारासमोर लख्ख उठून दिसते, कारण दोन रंग वेगळे आहेत. तेजाच्या हिशेबात मात्र ते जुळे निघाले. ० (पूर्ण काळं) ते २५५ (पूर्ण पांढरं) या पट्टीवर कुत्रीच्या पाठीची लव १२१ च्या आसपास, दार ११६ च्या आसपास. डोकं कुठे संपतं आणि दार कुठे सुरू होतं हे डोळ्याला ताणून शोधावं लागत होतं.

याचं कारण रूपांतराच्या गणितात आहे. माणसाच्या डोळ्याला जाणवणाऱ्या तेजात हिरव्याचा वाटा सर्वांत मोठा, साधारण ७२ टक्के; लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. कृष्णधवल करणारी बहुतेक सॉफ्टवेअर सुरुवातीला याच प्रमाणाच्या जवळपास चालतात. त्यामुळे मध्यम हिरवं दार आपल्याला वाटतं त्यापेक्षा उजळ होऊन बसतं, आणि आपल्याकडच्या गावठी कुत्र्यांचा बदामी-तांबूस रंग नेमका त्याच पातळीवर येतो. हिरवळीवर बसवलेल्या बदामी कुत्र्याच्या फोटोतही हेच घडतं. घरात हिरवी भिंत किंवा हिरवं दार असेल तर फोटो काढण्याआधीच कॅमेऱ्याचा पडदा मोनोक्रोमवर (कृष्णधवलवर) ठेवून बघावं. रॉमध्ये रंग शाबूत राहतो आणि पडद्यावर टोन कळतात.

दुरुस्ती रंगांच्या मिक्सरमध्ये होते. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या कृष्णधवल मिक्समध्ये लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, अ‍ॅक्वा, निळा, जांभळा आणि मॅजेन्टा असे आठ स्लायडर असतात. आधी व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचा समतोल) ठरवायचा, कारण तो बदलला की आठही स्लायडरचा परिणाम बदलतो. मग (अधिक म्हणजे उजळ, उणे म्हणजे गडद) नारिंगी +२२, पिवळा +१०, हिरवा −३८, अ‍ॅक्वा −२०. लव १४८ वर आली, दार ७४ वर गेलं आणि कानाची कड सुटून दिसू लागली. शहाबादी फरशी जवळपास करडीच, त्यामुळे तिच्यावर यातल्या कशाचाच फारसा परिणाम होत नाही. दाराबाहेरच्या आकाशाचा निळसरपणा जिथे पडला होता तेवढाच भाग निळ्या स्लायडरला दाद देतो. निळा फार हलवू नये. निळ्या चॅनलमध्ये नॉइज (नको असलेले दाणे) सर्वांत जास्त असतो आणि तो लगेच वर येतो. फोनवर काम करणाऱ्यांना स्नॅपसीड अ‍ॅपमधल्या कृष्णधवल टूलमध्ये रंगीत फिल्टर मिळतात. तिथे नारिंगी निवडला की बदामी उजळतो आणि हिरवा-निळा खाली बसतो. आठ स्लायडरची बारकाई त्यात नाही, पण दिशा तीच.

इथे एक खाच आहे. हिरव्या दारावरून परावर्तित झालेला उजेड कुत्रीच्या पोटाकडच्या फिकट लवेवर पडलेला असतो. रंगीत फोटोत ती हिरवट झाक डोळा माफ करतो. हिरवा −३८ केला की तीच जागा डागाळल्यासारखी काळपट होते. बघणाऱ्यांपैकी एकाने "पोटाला चिखल लागलाय का?" असं विचारलं ते यामुळेच. त्या भागावर मास्क काढून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, तिथली सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) −७० केली की हिरवा स्लायडर तिथे धरत नाही आणि डाग जातो. मास्कची कड चांगली मऊ ठेवावी. कानाच्या कडा मात्र २०० टक्के मोठ्या करून तपासाव्यात. नारिंगी आणि हिरवा विरुद्ध दिशेला फार ताणले तर दोन्ही रंग मिसळलेल्या पिक्सेलची एक बारीक पांढरट रेघ कानाभोवती उमटते. पडद्यावर ती लपते, प्रिंटमध्ये पटकन डोळ्यांत भरते. दोन स्लायडरमधलं अंतर ६० च्या आसपास गेलं की या रेघेवर लक्ष ठेवावं.

दुसरा शेरा डोळ्यांबद्दल. "डोळ्यात जीव नाही." कुत्र्याची बुबुळं बहुधा तपकिरी असतात. कृष्णधवलमध्ये बुबुळ आणि बाहुली दोन्ही काळी होऊन एकच गोळा दिसतो. वरचा नारिंगी +२२ इथेही कामी आला: बुबुळ उजळलं, बाहुली काळीच राहिली, आणि डोळ्याला खोली आली. त्यावर डोळ्यापुरत्या मास्कने एक्सपोजर +०.३०. इथेच हात थांबवायचा. +०.७ च्या पुढे डोळा दिवा लावल्यासारखा दिसतो, आणि कुत्री माहीत असलेला माणूस तो क्षणात पकडतो. डोळ्यातला कॅचलाइट, म्हणजे तिथे चमकणारं उजेडाचं प्रतिबिंब, या फोटोत उघड्या दाराचाच आहे, उभट आणि उजव्या वरच्या बाजूला. तो नसता तर ब्रशने पांढरा ठिपका घालू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ठिपक्याची जागा आणि आकार उजेडाच्या दिशेशी जुळत नाही, आणि कारण सांगता आलं नाही तरी बघणाऱ्याला खोटेपणा जाणवतो. पुढच्या वेळी प्राण्याचं तोंड दार-खिडकीकडे ४५ अंशांत येईल अशा जागी आपण बसावं, हा त्यावरचा खरा उपाय. फ्लॅश तर नकोच. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे (रेटिनामागे) प्रकाश परत फेकणारा थर असतो. समोरून फ्लॅश पडला की कृष्णधवल फोटोत बाहुलीच्या जागी पांढरी तबकडी उरते आणि तिच्यात दुरुस्त करण्यासारखं काही शिल्लक राहत नाही.

"नाक आउट आहे," म्हणजे फोकसबाहेर, धूसर आहे, असंही आलं. हा शेरा खरा आहे, पण तो दोष मानायचा का ते आकडे बघून ठरवावं. क्रॉप सेन्सर, ५० मिलिमीटर, १.२ मीटर अंतर: एफ १.८ ला खोलीचा पट्टा (जेवढ्या खोलीतलं धारदार येतं तेवढी) सुमारे ४ सेंटिमीटर, एफ २.८ ला ६, एफ ४ ला ९. मध्यम चणीच्या गावठी कुत्र्याचं डोळ्यापासून नाकापर्यंतचं अंतर ९-१० सेंटिमीटर भरतं. म्हणजे तोंड समोर असताना एफ २.८ ला डोळा आणि नाक दोन्ही धारदार मिळणं शक्यच नाही. कुठलं सोडायचं हा निर्णय आहे, आणि या फोटोत डोळा धरलाय हे बरोबर आहे. उलटं झालं असतं तर फोटो बाद. ऑटोफोकस तसं सर्रास करतो, कारण नाक सर्वांत जवळ असतं आणि ओलसर चकाकीमुळे तिथे कॉन्ट्रास्टही भरपूर असतो. हल्लीच्या बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत प्राण्यांच्या डोळ्यांचा ऑटोफोकस आहे, पण काळ्या तोंडावरचे काळे डोळे त्यालाही कधीकधी सापडत नाहीत. तेव्हा एकच फोकस पॉइंट जवळच्या डोळ्यावर ठेवणं सर्वांत भरवशाचं. फोनच्या पोर्ट्रेट मोडमध्ये वेगळाच घोटाळा होतो: धूसरपणा गणिताने केलेला असल्यामुळे मिशा अर्ध्यातच विरतात आणि कानावरची लव कात्रीने कापल्यासारखी दिसते. कृष्णधवलमध्ये रंगांचा आडोसा नसतो, त्यामुळे हे जास्तच उघडं पडतं. कँडिडसाठी पोर्ट्रेट मोड बंद ठेवावा.

कानाचं टोक हललंय, हे सर्वांनीच टिपलं. कुत्री पडून असली तरी तिचा कान आवाजाकडे झटक्यात वळतो. १/१६० त्याला पुरत नाही, १/४०० लागतं. त्यासाठी याच अ‍ॅपर्चरला आयएसओ ४००० वर न्यावा लागला असता. तोंड आणि डोळे स्थिर, फक्त कानाच्या टोकाची हालचाल, असं असल्यामुळे ती हालचालच बाहेर काहीतरी घडतंय हे सांगते. म्हणून ते तसंच ठेवलं. डोळ्यालाही तीच हालचाल लागली असती तर ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. चालणाऱ्या कुत्र्याला १/२५० ते १/५००, पळणाऱ्याला १/१०००, आणि अंग झटकणाऱ्याला १/१६०० च्या वर, एवढं लक्षात असलं की घरातल्या आणि अंगणातल्या बहुतेक प्रसंगी अंदाज चुकत नाही.

"नजर बाहेर कुठून पडली?" या प्रश्नाला तिघांचंही उत्तर एकच होतं: डाव्या खालच्या कोपऱ्यातून. तिथे पाण्याचं भांडं, आणि त्याच्या काठावर उन्हाची चकाकी, २४५ च्या आसपास. रंगीत फोटोत लवेचा बदामी रंग नजर धरून ठेवतो, त्यामुळे भांडं खपून जातं. कृष्णधवलमध्ये रंगाचं वजन जातं आणि सर्वांत उजळ जागा नजर ओढून घेते, मग ती कितीही लहान असो. भांडं पुसून टाका, असं एकाने सुचवलं. ते पटलं नाही. पाण्याचं भांडं आहे म्हणून ते घर आहे, आणि ती कुत्री तिथलीच आहे हे कळतं. त्याऐवजी भांड्यावर मास्क काढून हायलाइट −६०, एक्सपोजर −०.८ केलं; चकाकी १७० पर्यंत उतरली. मग डावीकडून क्रॉप. ६००० × ४००० ची फ्रेम ४६०० × ३६८० वर आणली, म्हणजे ३:२ चं ५:४ झालं. भांड्याचा अर्धा गोल आत राहिला आणि उजवीकडे, कुत्री बघतेय त्या बाजूला, मोकळी जागा टिकली.

क्रॉपवरून मात्र मतं फुटली. मूळ फ्रेममध्ये शेपटीचं टोक डाव्या कडेला नखभर कापलं गेलं होतं. क्रॉपनंतर शेपूट मुळापासूनच बाहेर गेली. एकाला ते खटकलं. आमच्या मते नखभर कापलेलं सर्वांत वाईट, कारण ते नजरचुकीसारखं दिसतं. कापायचं तर स्पष्ट कापावं, नाहीतर पूर्ण ठेवून कडेपाशी आणखी दोन बोटं जागा सोडावी. पंजांना हाच नियम जास्त कडकपणे लावावा: पंजाची बोटं कडेला तुटली तर कुठल्याही क्रॉपने फोटो सावरत नाही. कँडिड काढताना फ्रेम थोडी मोकळी घ्यावी ती यासाठीच. २४ मेगापिक्सेलमध्ये कापायला भरपूर वाव असतो, जोडायला अजिबात नाही.

आता तो शेरा, जो फोटोग्राफर देऊ शकला नसता. कुत्र्यांत वावरलेल्या बाईंनी फोटो बघून आधी विचारलं, "ती घाबरलेली तर नाही ना?" मग स्वतःच कारणं तपासत गेल्या. कान मागे चपटे नाहीत. डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं दिसत नाही. जीभ नाकावर फिरत नाही. तोंडाचे कोपरे ताणलेले नाहीत, पंजे सैल पसरलेत. म्हणजे सावध आहे, पण निवांत. ही यादी प्रत्येक पाळीव प्राण्याच्या फोटोला लावावी. ताणलेल्या कुत्र्याचा फोटो प्राणी न ओळखणाऱ्याला "भावपूर्ण" वाटतो, आणि ओळखणाऱ्याला बघवत नाही. यातली दोन-तीन लक्षणं एकदम दिसली तर त्या फोटोवर काम करण्यात अर्थ नाही. त्या वेळी तर कॅमेरा खालीच ठेवायला हवा. मांजराच्या बाबतीत बाजूला चपटे झालेले कान आणि अंगाखाली घट्ट ओढलेली शेपूट बघावी.

याच ओघात, हा फोटो खरोखर कँडिड आहे का, हाही मुद्दा निघाला. चुटकी वाजवून, शीळ घालून किंवा खाऊची पिशवी वाजवून घेतलेली नजर थेट लेन्समध्ये येते आणि दोन्ही कान सारखे टवकारतात. अशा फोटोला पोर्ट्रेट म्हणावं. इथे एकच कान वळलाय आणि नजर बाहेर आहे, म्हणून क्षण आपोआप घडलेला वाटतो. यावर मतभेद होऊ शकतो. मॅग्नम या फोटोग्राफरांच्या संस्थेचे एलियट अर्विट, ज्यांनी आयुष्यभर कुत्र्यांचे कृष्णधवल फोटो काढले, ते कधीकधी कुत्र्यावर भुंकून त्याची प्रतिक्रिया टिपत. प्रतिक्रिया खरीच असते, फक्त तिला कारण फोटोग्राफर असतो. आमच्या मते ते चालतं, पण प्राण्याला घाबरवून नव्हे. अर्विट यांचा न्यूयॉर्कमधला १९७४ चा फोटो पाहिला की उंचीचं महत्त्वही पटतं: एका बाजूला ग्रेट डेनचे नुसते पाय, मध्ये बाईचे बूट, आणि दुसऱ्या बाजूला टोपी घातलेला चिमुकला चिवावा. कॅमेरा चिवावाच्या उंचीवर आहे म्हणूनच तो फोटो आहे. आपल्या कुत्रीचा फोटो उभ्याने काढला असता तर फरशी हीच पार्श्वभूमी झाली असती आणि उंबरठ्याची आडवी रेघ हनुवटीखाली आलीच नसती.

काही शेरे ऐकून बाजूला ठेवावे लागले. "थोडा आणखी कडक करा" हा त्यातला नेहमीचा. क्लॅरिटी (मधल्या टोनमधला कॉन्ट्रास्ट) +४० ला लव ओली आणि मळकट दिसते. इथे क्लॅरिटी +८ आणि टेक्श्चर +१५ वर थांबलो. "गळपट्टा तेवढा लाल ठेवा" हा दुसरा. आवडीपुरतं ते कुणी करू शकतं, पण स्पर्धेसाठी फोटो द्यायचा असेल तर नियम माहीत हवा. फियाप या फोटोग्राफीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येप्रमाणे संपूर्ण फोटोला एकाच रंगाची छटा दिली तर तो मोनोक्रोमच राहतो. मात्र एखाद्या भागालाच छटा दिली किंवा एक रंग घातला की तो रंगीत विभागात जातो. आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकावा: कुत्रा-मांजराचा फोटो नेचर विभागात चालत नाही, कारण पाळीव प्राणी त्या व्याख्येतून वगळलेले आहेत. तो ओपन मोनोक्रोममध्ये द्यावा.

"रंगीतच बरा होता" हा शेरा मात्र हसण्यावारी नेऊ नये. तो तिसऱ्या, फोटोग्राफी न येणाऱ्या माणसाकडून आला आणि नारिंगी-हिरव्याची दुरुस्ती होण्याआधी आला. दुरुस्तीनंतर त्याच माणसाला फोटो पुन्हा दाखवला तेव्हा तो मुद्दा त्याने काढलाच नाही. रंग गेल्यामुळे काहीतरी हरवलंय हे त्याला बरोबर जाणवलं होतं. हरवला होता तो कुत्री आणि दार यांतला वेगळेपणा.

काळ्या किंवा पांढऱ्या जनावरांवर येणारे शेरे वेगळे असतात, तेही इथेच सांगतो. काळं कुत्रं फ्रेमभर असेल तर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्याला मधला करडा समजून उजळ करतो. पांढरी मांजर असेल तर काळवंडवतो. पांढऱ्याला एक्सपोजरची +०.७ ते +१.३ भरपाई द्यावी, पण हिस्टोग्राम (टोनचा आलेख) उजव्या भिंतीला टेकू देऊ नये, कारण जळलेली लव परत येत नाही. काळ्याला −०.७ ते −१ द्यावं, असं सर्रास सांगतात. रॉमध्ये काढणाऱ्याने ते सरसकट पाळू नये. मागे जळण्यासारखं काही नसेल तर मीटर सांगतो तसं उजळ घेऊन नंतर खाली आणलेलं चांगलं. काळ्या लवेतला तपशील नॉइजशिवाय मिळतो. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे टोन क्रमांकांच्या झोनमध्ये वाटणाऱ्या झोन पद्धतीत पोत दिसणाऱ्या सावल्या तिसऱ्या झोनमध्ये आणि पोत दिसणारा उजेड सातव्यात ठेवतात, मधला करडा पाचवा. काळ्या कुत्र्याची लव तिसऱ्या झोनखाली घसरली की "नुसता काळा गोळा दिसतो" हा शेरा येणारच.

आयएसओ १६०० चा नॉइज फारसा कुणाला खटकला नाही. रंगाचे ठिपके कृष्णधवलमध्ये जातात आणि उरलेले करडे दाणे फिल्मच्या ग्रेनच्या जवळचे वाटतात. नॉइज रिडक्शन २० च्या वर नेला की लव मेणचट होते, म्हणून १२ वर ठेवून वर ग्रेन १८ घातला. मास्कने ओढलेल्या आणि न ओढलेल्या भागांतला दाण्याचा फरकही त्याने बुजला.

दुरुस्त फोटो दुसऱ्यांदा दाखवताना जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवू नये. तसं केलं की माणूस फरक शोधतो, फोटो बघत नाही. पहिल्यांदा बघितलेल्यांना थोडा काळ जाऊ देऊन फक्त नवा दाखवावा, आणि एखादा अगदी नवा माणूस गाठून त्याला तेच तीन प्रश्न विचारावेत. नव्या माणसाची नजर आधी डोळ्यावर, तिथून कानावर, मग दाराबाहेर गेली. भांडं त्याला नंतर दिसलं. आणखी काही करण्याची गरज नव्हती.

प्रिंट मात्र पडद्यावरच्या होकारावर सोडून देऊ नये. १२ × १५ इंचाला ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल) धरून ४५०० × ३६०० पिक्सेल लागतात; क्रॉपनंतरची फाइल त्यात नेमकी बसते. रंगीत फोटोच्या कागदावर काढलेल्या कृष्णधवल प्रिंटला हिरवट किंवा गुलाबी झाक येऊ शकते. लॅबला आधीच सांगून लहान नमुना काढून घ्यावा आणि तो दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बघावा. मॅट कागदावर सावल्या चमकदार कागदापेक्षा लवकर बुजतात. नमुन्यात हनुवटीखालची सावली उंबरठ्याच्या लाकडाशी एक झाली होती, म्हणून प्रिंटच्या फाइलपुरते शॅडो +१२ केले आणि पडद्यासाठीची फाइल वेगळी ठेवली. व्हिनेट (फोटोच्या कडांचा गडदपणा) पडद्यासाठी −१२ होता, प्रिंटला −५ वर आणला. माउंट आणि फ्रेमच्या कडेची सावली पुढचं काम करते.